खंडेनवमीचे बूट

केतकीनं पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा मी मासळीच्या क्रेटचा तुटलेला कान सांधत होतो. निळी, जाड प्लास्टिकची पिशवी आणि तिच्या तोंडाला सुतळीच्या तीन गाठी. त्या तिला सुटेनात. ती दातांनी ओढायला लागली तेव्हा मी गरम हवेची गन बंद केली आणि कात्री पुढं केली.

"कापू नका, काका. आईनं मारलेल्या गाठी आहेत. पुन्हा तशाच मारायच्यात."

"म्हणजे आईला माहीत नाही?"

"माहीत आहे. आवडलेलं नाही."

गाठी सुटल्या तसा आतून खोबरेल तेलाचा वास आला. मग बूट बाहेर आले. पोटरीपर्यंत उंच, काळ्या टणक प्लास्टिकचे, पुढं चार-चार धातूचे खटके. मी जन्मात असले बूट पाहिले नव्हते. आमच्या दाभोळला बर्फ येतो तो लादीच्या रूपानं, मासळीवर घालायला. त्यावर उभं राहायला वेगळे बूट लागतात हे कोण कशाला शोधायला जातंय.

"फळीवर उभं राहून बर्फावरून घसरत जायचं असतं ना, त्याचे," ती म्हणाली. "स्नोबोर्डचे. बाबांचे."

बाबा म्हणजे हवालदार जयवंत आंब्रे. माझा शाळेपासूनचा सोबती. सैन्यात गेला, बर्फातल्या शाळेत जवानांना शिकवायला लागला, आणि अकरा वर्षांपूर्वी एका फेब्रुवारीत हिमकडा कोसळला त्याखाली गेला. हे बूट त्याला एका परदेशी माणसानं जाताना दिले होते. शेवटच्या सुट्टीत त्यानं ते घरी आणून ठेवले म्हणून मागं राहिले.

डाव्या बुटाला घोट्यापासून टाचेकडं बोटभर लांब भेग गेली होती. मी ती दिव्याखाली धरली. भेगेत पिवळं काहीतरी बसलं होतं. नखानं उकरलं तर हळद.

"आई खंडेनवमीला पुजते ना," केतकी म्हणाली. "लोकांच्या घरी हत्यारं पुजतात, आमच्याकडं हे. कोमट पाण्यानं धुते, तेलाचा हात फिरवते, हळदकुंकू लावते, आणि पुन्हा पिशवीत बांधून माळ्यावर. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून गाठी घट्ट. एक वर्ष चुकलेलं नाही."

मी मान डोलावली. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूची सेवा करायची ही रीत मला कळत होती. माझे वडील गेले तेव्हा त्यांची झांज मीही वर्षभर देवाजवळ ठेवली होती. मग वाजवायला काढली.

"आणि तुला हे घालायचेत?"

"अठरा दिवसांनी औलीला जायचंय. बर्फावरच्या पुढच्या कोर्सला निवड झालीय माझी. दोन जोड मोजे घातले की बरोबर बसतात."

"तिथं भाड्यानं मिळत नाहीत?"

"मिळतात." तिनं सुतळी बोटाला गुंडाळली. "पहिल्या कोर्सला भाड्याचेच होते. आता मी आईला सांगितलंय, गेले तर बाबांच्या बुटात जाईन, नाहीतर जाणार नाही. सांधता येतील का तेवढं सांगा."

मी भेग पुन्हा पाहिली. मोटारींचे बंपर, पाण्याच्या टाक्या, होडीतले खण, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. बोटभर भेगेचं मला काय वाटणार.

"परवा घेऊन जा," मी म्हणालो.

काम मनासारखं झालं. आतला मऊ बूट वेगळा निघत होता, जाड लोकरीच्या अस्तराचा. तो काढून बाजूला ठेवला. भेगेतली हळद साफ केली, खाच पाडली, जुळणारी प्लास्टिकची कांडी वितळवून थरावर थर भरला आणि पॉलिश कागदानं घासून एकजीव केला. दोन्ही हातांनी पिळून पाहिला, टेबलावर आपटून पाहिला. जोड कुठं आहे ते मलाच शोधावं लागत होतं. खरं सांगतो, मला माझ्या हाताचा अभिमान वाटला. तो त्या आठवड्यातला पहिला दोष.

तेव्हा गणपतीच्या देवळात माघी उत्सवाचं कीर्तन चालू होतं. सात दिवस त्र्यंबकबुवा यायचे आणि त्यांच्या मागं झांजेला मी. बुवांचा आवाज त्या वयातही असा, की पूर्वरंगाचं निरूपण चालू असताना बाहेर चपला राखणारा माणूससुद्धा खांबाशी येऊन उभा राहायचा. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, बुक्क्याची वाटी फिरायला लागली, तेवढ्या वेळात मी पाणी प्यायला मागच्या ओसरीवर गेलो. तिथं सुलभावहिनी उभ्या होत्या. जयवंतची बायको. कपाळावर बुक्का, पदर घट्ट खांद्यावरून घेतलेला.

"भावजी, केतकी बूट देऊन गेली ना?"

"झाले सुद्धा, वहिनी. उद्या नेईल."

त्यांनी देवळाच्या दाराकडं पाहिलं. आत पेटीवाला सूर चाचपत होता.

"एक मागते. नाही म्हणू नका. तिला सांगा, होत नाहीत दुरुस्त."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"बूट नाहीत तर जाणार नाही असं तीच म्हणालीय. तोंडातून गेलेला शब्द मोडत नाही ती, बापासारखीच आहे. तुम्ही एवढं सांगितलंत की ती राहील. दोन दिवस रुसेल, रडेल. राहील पण."

"वहिनी, बूट झालेत."

"ते तुम्हाला आणि मला माहीत. तिला कुठं माहीत आहे?"

"देवळाच्या ओसरीवर उभं राहून मला खोटं बोलायला सांगताय?"

"मग समोरच्या रस्त्यावर येऊन सांगू?" त्या म्हणाल्या. त्यात चेष्टा नव्हती. "बर्फानं एक नेलाय माझा, भावजी. नुसतं खोटंच मागतेय तुमच्याकडं. तुमचं काय जातंय?"

 मी म्हणालो, "माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही तिला तोंडावर सांगा, जाऊ नको म्हणून. मी तुमच्या बाजूला येऊन बसतो. पण बूट मोडलेत असं मी म्हणणार नाही."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "तोंडावर सांगून ऐकली असती तर तुमच्याकडं आले असते का," एवढंच म्हणाल्या आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या.

मी झांज उचलली. उत्तररंग सुरू झाला. बुवांनी त्या दिवशी एका नावाड्याची कथा लावली होती, आमच्या बंदराला साजेशी. नावाडी नवी नाव बांधतो, वाळूवर उभी करतो, गावभर मिरवतो. लोक हात फिरवतात, वाहवा करतात. बुवा थांबले, हसले, आणि पुढं बसलेल्या खलाशांकडं पाहून म्हणाले, "बाबांनो, वाळूवर उभी असलेली नाव आजवर कुणाची बुडालीय? वस्तूची परीक्षा ती जिथं लागणार तिथंच. माणसाच्या भक्तीचंही तसंच आहे."

माझी झांज चुकली. तबलजीनं वळून पाहिलं. तीस वर्षांत माझा ठोका गेला नव्हता.

मी तो बूट कुठं पिळून पाहिला होता? माझ्या दुकानात. माघातसुद्धा घाम येतो अशा पत्र्याखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच केतकीला निरोप धाडला, अजून एक दिवस लागेल. आणि बूट घेऊन बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथं इब्राहिमभाई मुकादम बर्फ पाडायचा. जमिनीत मिठाच्या पाण्याचा मोठा हौद, शून्याच्या बराच खाली गेलेला, पण मिठामुळं न गोठणारा. त्यात पाण्यानं भरलेले लांब पत्र्याचे डबे सोडायचे की डब्यांत लाद्या तयार.

"एक रिकामा डबा दे," मी म्हणालो. "यात हा बूट सोडायचाय."

इब्राहिमभाईनं बुटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "अच्युत, कीर्तनं ऐकून ऐकून तुझं डोकं फिरलं. बुटाची लादी कोण विकत घेणार?"

मग मी कुणाचा बूट ते सांगितलं. त्यानं हातातलं काम टाकलं. चांगला कोरडा डबा पुसून आणला, बूट आत ठेवला, वर झाकण दाबलं आणि स्वतःच्या हातानं हौदात सोडला.

संध्याकाळी चारच्या सुमारास काढला. आत पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा बसवून मी खटके लावले आणि, चालताना घोटा वाकतो तसा, बूट पुढं दाबला. मोठा आवाजही झाला नाही. वाळकी फांदी मोडावी तेवढाच. माझा जोड जसाच्या तसा होता. त्याच्या दोन्ही बाजूंचं जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटून हातात आलं.

इब्राहिमभाई म्हणाला, "अल्लानं वाचवली पोर."

मी तुकडे गोळा करत होतो. त्यातला एक बोटांनी दाबला तर कडेचा भुगा झाला. तेव्हा मला कळलं. महागाचे बूट जपून, पिशवीत घट्ट बांधून ठेवणारी गिऱ्हाइकं माझ्याकडं दर वर्षी एकदोन तरी यायची. काढावेत तर तळ भुगा होऊन पडलेला. धुतलेल्या वस्तूत ओल राहते, वर गाठ मारली की ती ओल बाहेर जात नाही, आतल्या आत प्लास्टिक खात बसते. दिसायला वस्तू नवी. इथं तर आत लोकरीचं अस्तर, ते ओल धरून ठेवणारं. अकरा खंडेनवम्या.

मी तुकडे घेऊन दुकानात परतलो. केतकी आली ती धावतच. तुकडे बघून उभी राहिली.

"हे काय केलंत?"

मी सांगितलं. हौद, डबा, ठोकळा, सगळं. ती तुकड्यांकडं बघत होती, माझं ऐकत नव्हती.

"परवा तर तुम्ही म्हणालात, होईल."

"चुकलो."

"काल आई देवळात तुमच्याशी बोलत होती. शेजारच्या मावशींनी पाहिलं." ती आता माझ्याकडं बघायला लागली. "आईनं सांगितलं ना तुम्हाला, दुरुस्त होत नाही म्हणा म्हणून?"

नाही म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि बूट खरंच मोडला हे पोरीला पटलं असतं. पण मग आदल्याच दिवशी मोठ्या तोंडानं नाकारलेलं खोटं मी चोवीस तासांत उचललं असतं.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

"झालं मग."

"मी तिला नाही म्हणालो, केतकी."

"आणि मग बूट आपोआप मोडला." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "तुम्ही बाबांचे मित्र. झांज वाजवत देवाचं नाव घेता. निदान तो तोडायचा तरी नव्हता, काका. नुसतं खोटं बोलला असतात तर बूट राहिला असता."

तिनं दुसरा बूट उचलला. उजवा. त्याला भेग नव्हती, मी त्याला हातही लावला नव्हता.

"हा चांगला आहे?"

"दिसायला."

"मग हा टाका तुमच्या हौदात. मीच घालून बघते."

"मोडला तर तोही जाईल. तुझ्या बाबांचं काही राहणार नाही."

ती बराच वेळ त्या बुटाच्या खटक्यावर अंगठा फिरवत राहिली. "नाही मोडला तर तुम्ही खोटे," ती म्हणाली. "मोडला तर..." पुढचं तिनं सांगितलं नाही. बूट तिनं स्वतः कारखान्यात नेला. इब्राहिमभाईच्या हातातही दिला नाही, आतला लोकरीचा काढून घेतला आणि डब्यात स्वतः ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं होतो. वहिनीही आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं मला माहीत नाही. केतकीनंच, असं मला वाटतं. इब्राहिमभाईनं डबा वर ओढला, हातमोजा घालून बूट काढला. वर पांढरा थर धरला होता. केतकी उलट्या क्रेटवर बसली, दोन जोड मोजे घातले, आतला लोकरीचा बूट चढवला, आणि मग त्या गार काळ्या बुटात पाय घातला. खटके लावताना वहिनी पुढं आल्या, पण मधेच थांबल्या.

केतकी उभी राहिली. गुडघा पुढं वाकवला, फळीवर वाकवावा तसा.

घोट्यावरचा पट्टा तडकला, मग मागची बाजू वरपासून खालपर्यंत उघडली. तुकडे ओल्या फरशीवर पडले. तिच्या पायाला काही झालं नाही. लोकरीचा बूट पायात तसाच होता.

ती तशीच उभी राहिली.  हौदाच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती.

वहिनी खाली बसल्या आणि तुकडे पदरात वेचायला लागल्या. वेचता वेचता, वर न बघता म्हणाल्या, "केतकी, मी यांना खोटं बोलायला सांगितलं होतं. हे नाही म्हणाले. देवळाच्या ओसरीवर उभं करून मलाच ऐकवलं. यांना तू बोललीस ते मागं घे."

"घेते," केतकी म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "काका, घेते."

"असू दे ग," मी म्हणालो.

आता सगळं वहिनींच्या मनासारखं झालं होतं, आणि तेही खोट्यावाचून. बूट नाहीत. शब्द मोडणारी पोर नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. सुटका झाल्यासारखं तिथं काहीच नव्हतं. त्यांनी एक तुकडा बोटांत धरला होता आणि तो कडेनं भुरभुर सांडत होता.

"भावजी, हे असं का झालं?" त्यांनी विचारलं. "मी तर जिवापाड जपले. दर वर्षी धुतले, पुसले, बांधून ठेवले. वारासुद्धा लागू दिला नाही. माझ्या हातनं काही चुकलं का?"

केतकीही माझ्याकडं बघत होती. इब्राहिमभाईही.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "थंड मुलुखातली वस्तू. आपल्याकडची हवाच मानवत नाही असल्या प्लास्टिकला. तुम्ही कसेही ठेवले असतेत तरी हेच झालं असतं. उलट तुम्ही जपलेत म्हणून इतकी वर्षं टिकले."

त्या मान हलवत राहिल्या. मग पदरातले तुकडे सावरत उठल्या आणि केतकीच्या पायाकडं पाहिलं.

"आतला निघतो?"

"निघतो की," केतकी म्हणाली.

"तो फाटलेला नाही?"

मी खाली वाकून पाहिला. कुठं उसवलेला नव्हता. अस्तर थोडं बसलं होतं, एवढंच. "नाही," मी म्हणालो.

"मग बाहेरचा भाड्याचा घे. आत हा घाल." वहिनींनी हे केतकीकडं न बघता, हौदाकडं बघत सांगितलं. "पाय तर बाबांच्याच बुटात राहील. तुझा शब्द मोडत नाही."

केतकीला समजायला वेळ लागला. मला लगेच समजलं, आणि मी इब्राहिमभाईबरोबर बाहेर धक्क्यावर जाऊन उभा राहिलो.  मग आतून दोघींच्या रडण्याचा आवाज आला. इब्राहिमभाई म्हणाला, "आज लाद्या उशिरा निघणार. खलाशी बोंबलतील." पण तो आत गेला नाही.

केतकी ठरल्या दिवशी गेली. दोन महिन्यांनी परत आली ती उन्हानं नाक सोललेली आणि बरंच बोलायला लागलेली. आज तीच तिथं मुलांना शिकवते. या सगळ्याला आता चौदा वर्षं झाली.

पण मी हे लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. त्या आठवड्यात मी एक खोटं नाकारलं आणि एक बोललो. नाकारलं त्याबद्दल बंदरात माझी तारीफ झाली. बुवांनी पुढच्या वर्षी नाव न घेता कीर्तनात सांगितलं, लोकांनी टाळ्या दिल्या. बोललो, ते हवेचं, त्याबद्दल कुणालाच माहीत नाही असं मी धरून चाललो होतो. मागं उभा राहून झांज वाजवताना ते मला रोज आठवायचं. लोकांना वाटायचं डोळे भक्तीनं मिटलेत.

बूट मोडले त्याच वर्षी खंडेनवमीला वहिनींनी मला जेवायला बोलावलं. केतकी तेव्हा पुन्हा बाहेर होती. पाटावर पूजा मांडलेली होती. बुटांचे तुकडे एका उघड्या वेताच्या परडीत, खिडकीशी, वारा लागेल असे ठेवलेले. तांब्या नव्हता. कोमट पाण्याचं पातेलं नव्हतं. तेलाची वाटी नव्हती. निळी पिशवीही कुठं दिसली नाही.

मी पाटाशी बसलो. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी पाटाखालून सुती फडक्याची घडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"यंदा तुम्ही पुसा, भावजी," त्या म्हणाल्या. "कोरडंच."

मी एकेक तुकडा घेऊन पुसला. उजव्या बुटाच्या एका खटक्यामागं जुनी हळद अजून तशीच होती. ती मी काढली नाही.